पुढचा स्टॉप शांग्रीला

(दृश्य : सकाळ. भांडुप पश्चिम, लालबहादूर शास्त्री मार्ग. मेट्रोच्या खांबांच्या रांगेशेजारून बेस्टची बस येते आहे.)

"शांग्रीलावाले पुढे या, शांग्रीला!" कंडक्टरची ही हाक यायच्या आधी वास यायचा. भाजलेल्या पिठाचा, साखरेचा. खिडकीजवळच्या माणसाने काच बंद केली, तर आम्ही मुलं रागवायचो. शांग्रीला म्हणजे बिस्किटांची कंपनी. तिबेटातल्या एका काल्पनिक स्वर्गाचं ते नाव आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर माझ्या लेखी शांग्रीला म्हणजे बिस्किटंच.

आज रस्त्यावर तो वास नाही. मधोमध वडाळा ते कासारवडवली या मेट्रो चारचे खांब उभे आहेत. या मेट्रोच्या नकाशातली काही स्थानकं वाचून दाखवतो : श्रेयस सिनेमा, गोदरेज कंपनी, शांग्रीला, सोनापूर. एक टॉकीज, एक कारखाना, एक बिस्किटं आणि एक स्मशान. आमच्या उपनगराचा याहून खरा नकाशा मी पाहिलेला नाही.

(दृश्य : कुर्ला. रस्त्याचा फलक, मागे उंच इमारती.)

कागदावर लालबहादूर शास्त्री मार्ग, बोलण्यात एलबीएस, आणि माझ्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत आग्रा रोड. कुर्ला सोडलं की घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला रूळ आणि रुळांपलीकडे खाडी. ही चिंचोळी पट्टी कारखान्यांनी वसवली. आमच्याकडे कारखाना असं कुणी म्हणत नसे. कंपनी म्हणायचे. "कुठल्या कंपनीत आहात?" हा सोयरीक जुळवतानाचा पहिला प्रश्न असायचा.

कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेली. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशकं धावलेली पद्मिनी टॅक्सी इथली. तिच्यातली शेवटची गाडी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी लोकांनी टॅक्सीसोबत फोटो काढले, वर्तमानपत्रांनी मोठ्या बातम्या दिल्या. ती जिथे तयार झाली त्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. जागेचा फोटो त्या दिवशी कुणी काढला असेल असं वाटत नाही.

थोडं पुढे कमानी. या स्टॉपवर मी मुद्दाम थांबतो. कमानी ट्यूब्ज ही कंपनी १९८५ मध्ये बंद पडली. कामगारांनी ती स्वतः चालवायला मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८८ मध्ये कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेच्या ताब्यात आला. गिरण्यांचा संप चिरडला गेल्यानंतरच्या मुंबईत, टाळं लागलेलं गेट कामगारांनी स्वतः उघडलं! शाळेच्या पुस्तकात हे असायला हवं. आज कमानी म्हटलं की रिक्षावाला सिग्नलपाशी सोडतो.

(दृश्य : विक्रोळी. रुळांच्या पूर्वेला झाडी, जुन्या वसाहतीचं गेट.)

विक्रोळीची ही जमीन गोदरेजनी १९४३ मध्ये लिलावात घेतली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या इथेच तयार झाल्या. ही कंपनी मात्र अजून जागेवर आहे आणि तिच्यामागची खारफुटीही. या रस्त्याच्या प्रवासात डोळ्यांना मिळणारी ही एकमेव विश्रांती.

(दृश्य : भांडुप स्टेशन. गर्दीची वेळ.)

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याआधी दहा वर्षं, १८४३ मध्ये, मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले होते आणि मुंबई ते ठाणे, कल्याण आणि पुढे घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना त्यांना इथे सुचली, अशी रेल्वेच्या इतिहासात नोंद आहे. सकाळी आठच्या लोकलला लटकताना मला ते नेहमी आठवतात.

माझे वडील याच रस्त्यावरच्या एका कंपनीत लेथवर होते. पहिली पाळी सातची. साडेसहाला भोंगा व्हायचा आणि टेकडीवरच्या चाळींतून माणसं उतरू लागायची, बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गातली. घड्याळ आमच्या घरात होतं, पण बघायची वेळ येत नसे. आई वडिलांचा शर्ट धुण्याआधी गॅलरीत झटकायची. लोखंडाचा बारीक, कुरळा कीस लादीवर पडायचा. आम्ही भावंडं तो लोहचुंबकाने गोळा करायचो आणि कागदाखालून चुंबक फिरवून त्याला नाचवायचो.

मग एका सोमवारी गेटवर नोटीस लागली. वडील पुढचे तीन महिने रोज डबा घेऊन गेटपाशी जाऊन बसत होते. आई रोज डबा भरून देत होती. दोघांपैकी एकानेही त्यावर कधी शब्द काढला नाही. देणी मिळाली ती अर्धी आणि बारा वर्षांनी.

एकामागून एक कंपन्या गेल्या. सरकारला कारखाने मुंबईबाहेर हवे होते. मालकांना ठाणे-बेलापूर, पुणे, नाशिक स्वस्त पडत होतं. आणि कंपनीच्या उत्पादनापेक्षा कंपनीखालची जमीन महाग झाली होती. वडिलांच्या कंपनीच्या जागेवर आज टॉवर आहे. चित्रीकरणासाठी गेलो, तर वॉचमनने आत सोडलं नाही. जुन्या गेटचा एक दगडी खांब मात्र तसाच उभा आहे, बिजागरीच्या गंजलेल्या खिळ्यासकट.

(दृश्य : बंद मॉलची दर्शनी काच, धूळ.)

कंपन्यांच्या मागून मॉल आले. लोकांनी त्यांच्या पायऱ्यांवर फोटो काढले, आम्हीही काढले. मुलुंडचा निर्मल लाइफस्टाइल एका काळात रविवारची जत्रा होता, पुढे तो बंद झाला. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये मार्च २०२१ च्या एका रात्री आग लागली. वरच्या मजल्यावर कोविड रुग्णालय होतं. तिथल्या रुग्णांचे जीव गेले. त्यानंतर तो मॉल ओसाड पडला. ज्या कंपन्यांना जुनाट म्हणून हटवलं, त्यांनी तीन-तीन पिढ्या पोसल्या होत्या. मॉलना एक पिढीही धड पुरली नाही.

(दृश्य : पूर्व बाजू. उघडं मिठागर, बांध, दूरवर इमारती.)

रूळ ओलांडून पूर्वेला या. इथे आकाश दिसतं. मिठागरांचे बांध, उधाणाला आत घेतलेलं खाडीचं पाणी, उन्हात ते आटत जाताना एका खाचरातून दुसऱ्यात सोडायचं, आणि उन्हाळ्यात मिठाच्या पांढऱ्या राशी. लहानपणी लोकलच्या दारातून त्या राशी दिसायच्या. पावसाआधी त्यांच्यावर गवत अंथरलेलं असायचं, जणू कुणीतरी छोटी छोटी घरं शाकारून ठेवली आहेत. पावसाळ्यात हीच जमीन पाणी पोटात घेते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुर्ल्यात मिठी नदी घरांत शिरली. तो दिवस पाहिलेल्या माणसाला मोकळ्या जमिनीचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंडमधली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीकरांच्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. धारावीच्या माणसाला चांगलं घर मिळायलाच हवं. पण ते पाण्याच्या वाटेत बांधू नये, एवढं मी या रस्त्यावरचा माणूस म्हणून मनापासून सांगतो.

मुंबईची वारसा यादी १९९५ मध्ये लागू झाली. तिच्यात भरणा दक्षिण मुंबईचा. त्या वास्तू जपायलाच हव्यात. पण भोंग्याला, मिठाच्या राशीला, कंपनीच्या गेटला कुठल्या श्रेणीत बसवणार? आमच्या खुणा राहिल्या त्या बसच्या स्टॉपवर.

(दृश्य : रिक्षाच्या आतून. आईचा चेहरा, बाहेर सरकणारे खांब.)

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी आईला सोबत घेतलं. रिक्षावाल्याला म्हटलं, शांग्रीला. विशीतला मुलगा, त्याने काही न विचारता मीटर टाकलं. मी त्याला विचारलं, तिथे काय आहे?

"सिग्नल आहे," तो म्हणाला.

आई बाहेर बघत होती. म्हणाली, "बिस्किटं होती रे बाळा. पगाराच्या दिवशी तुटकी बिस्किटं किलोवर मिळायची."