फिट आली? छातीही ऐका

[दृश्य : मिरज स्टेशन, सकाळची गर्दी]

जत, कवठे महांकाळ, अथणी, चिक्कोडी. हातात फायली, पिशवीत डबा. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं दवाखाना काढला. मिरजेला पेशंट आणायची वाट तेव्हापासून रुळली.

[दृश्य : इकोचा पडदा, जवळून]

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मधोमध उघडमीट करतेय ती हृदयाची मायट्रल झडप. निरोगी माणसाची चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. या मावशींची जेमतेम एक. पानं जाड, कडा एकमेकींना चिकटलेल्या. शाळेत असताना घसा धरला होता, मग ताप आला, सांधे सुजले. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूवर उठलेलं शरीर स्वतःच्याच झडपेवर उलटलं. सांधे बरे झाले, झडप नाही.

अरुंद झडपेमागे रक्त तुंबतं. वरचा डावा कप्पा फुगतो, बेताल थरथरतो, पुरता रिकामा होत नाही. पडद्यावर धुरासारखं गरगरतंय ते मंदावलेलं रक्त. इथंच गुठळी धरते. तिचा कण सुटला की थेट मेंदूत जाऊ शकतो. तिथला भाग मरतो, व्रण राहतो, आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्या व्रणातून आकडी उठते.

[दृश्य : हळदीची शेड, सांगली]

मावशींना ती इथं आली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला. छातीला स्टेथोस्कोप लागला तो फार उशिरा. डावा हात अजून जड आहे, काम सुटलं.

उलटंही घडतं. महाधमनीची झडप अरुंद असली की जिना चढताना मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस कोसळतो, हातपाय झटकतो. दिसायला फिटच. गोळ्या मात्र आकडीच्या चालू! म्हणून आमचं म्हणणं, फिटच्या प्रत्येक पेशंटची छाती ऐका, ईसीजी काढा.

[दृश्य : गोळ्यांचा डबा, आयएनआरची वही]

रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन, आकडीची गोळी वेगळी. त्यात कार्बामाझेपिन असेल तर वॉरफरिनचा जोर उतरतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा म्हणजे आयएनआर; तो दोन ते तीनमध्ये ठेवायचा, म्हणून ही वही. झडपेच्या पेशंटला ताप येऊन फिट आली तर मात्र वही बघत बसू नका, झडपेला जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

[दृश्य : इंजेक्शन भरणारी नर्स, बाकावर शाळकरी मुलगी]

हिलाही मावशींसारखाच संधिवाताचा ताप येऊन गेलाय. पुन्हा येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिन, वजनानुसार सहा किंवा बारा लाख युनिट, दर तीन आठवड्यांनी. दुखतं खूप. पुढची तारीख आईनं कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.