नाव कुणी ठेवलं, ते आधी विचारा

(नाशिकमधील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या नावातून बळ मिळवायचं म्हटलं की लोक आधी मोबाइलवर अर्थ शोधतात. तिथल्या यादीत चार ठिकाणी चार अर्थ सापडतात, आणि त्यांतल्या कित्येक अर्थांना कशाचाच आधार नसतो. अर्थ हवाच असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा, नाहीतर आपट्यांचा संस्कृत कोश. तिथेही शब्द मिळाला नाही तर कानाला गोड लागलं म्हणून ठेवलं, असं समजून पुढे चला.

खरं काम घरात आहे. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि पत्रिका शेजारी शेजारी ठेवा. पत्रिकेतलं नावरस नाव नक्षत्राच्या चरणावरून येतं. अश्विनीला चू, चे, चो, ला ही अक्षरं. हाक मारायचं नाव बहुधा वेगळंच असतं, आणि ते कुणी सुचवलं हे आत्याला ठाऊक असतं. बारशाला गोप्या, म्हणजे बाळासारखा सजवलेला वरवंटा, पाळण्याखालून-वरून फिरवून झाल्यावर बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते तीच.

पण तिला ‘का ठेवलं?’ असं विचारू नका. ‘आवडलं म्हणून’ एवढ्यावर बोळवण होईल. दुसरं कुठलं नाव ठरत होतं, अडून कोण बसलं, त्या वर्षी घरात काय चाललं होतं, हे विचारा. आधीचं मूल गेलं होतं का, हा प्रश्न चारचौघांत नको. दुपारी एकट्या असताना आत्या आपणहून सांगतात. ऐकलेलं त्याच दिवशी त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.

दगडू, धोंडू, केरू, भिकाजी या नावांना आज पोरं हसतात. मुलं जगत नव्हती, तेव्हा दृष्ट लागू नये, मृत्यूनं ढुंकूनही बघू नये म्हणून अशी नावं ठेवत. ‘दगडू’मागे एका आईची धास्ती असते आणि तिचा हट्टही. धोंडो नावाचे महर्षी कर्वे 1858 मध्ये जन्मले आणि 1962 पर्यंत जगले!

नाव एकदाच मिळतं असंही नाही. आपले तात्यासाहेब शिरवाडकर जन्मानं गजानन रंगनाथ. दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले. कुसुमाग्रज हे नाव मात्र त्यांनी स्वतः घेतलं, ते कुसुम या बहिणीचा थोरला भाऊ म्हणून. एक नाव घरानं दिलं, एक दत्तकविधानानं, आणि तिसरं नात्यावरून स्वतः जोडलं. मला तिसरं सगळ्यांत भक्कम वाटतं.

आता ‘नकोशी’चं काय? त्यात जबरदस्तीनं चांगला अर्थ शोधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साताऱ्यात 2011 मध्ये अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलली गेली, ते योग्यच झालं. सज्ञान व्यक्तीला राजपत्रातून नाव बदलता येतं. अर्ज ऑनलाइन होतो, जुन्या नावाचा पुरावा लागतो. घोटाळा होतो तो स्पेलिंगमध्ये. अर्जात एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. म्हणून नवं नाव देवनागरीत आणि इंग्रजीत आधी कागदावर पक्कं करा, घरातल्या दुसऱ्या कुणाकडून अक्षर न् अक्षर तपासून घ्या, मगच अर्ज भरा. राजपत्राची प्रत कायम जपून ठेवा. जुन्या नावाच्या प्रमाणपत्रांसोबत ती दाखवावी लागते.