बुडालेल्या जंगलातली बुरशी

नमस्कार, श्रोतेहो.

ब्राझीलमधल्या मनौस शहराच्या बंदरात १९०२ सालापासून रिओ निग्रो या अमेझॉनला मिळणाऱ्या नदीच्या पाण्याची उंची नोंदवली जाते. नदी साधारण जूनमध्ये तुडुंब भरते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तळ गाठते. या दोन टोकांमध्ये सरासरी दहा मीटरचा फरक पडतो. या चढउतारात काठचं जंगल दर वर्षी कित्येक महिने पाण्यात उभं असतं. लहान झाडं तर शेंड्यापर्यंत बुडतात, आणि त्यांतली काही पाण्याखालीही हिरवी राहतात. तिथे माणसं होडीतून झाडांच्या शेंड्यांमधून वाट काढतात. मासे फांद्यांमध्ये शिरून फळं खातात. काळ्या पाण्याच्या नद्यांकाठच्या या जंगलाला तिथे इगापो म्हणतात, तर अँडीज पर्वतातला गाळ घेऊन येणाऱ्या गढूळ नद्यांकाठच्या जंगलाला वार्झिया.

या जंगलाचं वर्णन करताना झाडं, मासे, पक्षी यांच्याबद्दल सगळे भरभरून बोलतात. बुरशीचं नाव मात्र क्वचित निघतं, आणि मला ते फार खटकतं. कारण इथे गळणाऱ्या प्रत्येक पानाचा हिशेब शेवटी तिच्याकडे येतो.

इगापोतलं पान हातात घेतलं तर चामड्यासारखं चिवट लागतं. त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य ठासून भरलेलं असतं, म्हणून किडे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. असं पान पाण्यात पडलं की त्यातला विरघळणारा अंश आधी निघून जातो. मग त्यावर पाण्यातल्या बुरशीचे बीजाणू येऊन चिकटतात. सी. टी. इंगोल्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४२ साली एका ओढ्यात कुजणाऱ्या पानांवरच्या अशा बुरशींचं वर्णन केलं, तेव्हा त्या जगापुढे आल्या. यांचे अनेक बीजाणू गोल नसतात, चार हातांचे असतात. सराटा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा रुततोच, तसा हा बीजाणू वाहत्या पाण्यात कसाही आदळला तरी त्याचा एखादा हात पानाला टेकतो. तिथून तंतू फुटतो, पानात शिरतो आणि आपल्या विकरांनी पेशींच्या भिंती सैल करतो. पान मऊ पडतं. शिवाय तंतूंमुळे त्यातलं पोषण वाढतं, आणि मग किड्यांच्या अळ्या, झिंगे ते कुरतडायला येतात. त्यांच्यावर मासे जगतात. पानातलं अन्न माशापर्यंत पोचण्याच्या साखळीत बुरशीची कडी ही अशी आहे.

पण बुरशीलाही श्वास लागतो. बुडालेल्या जंगलात, विशेषतः वार्झियात, पाण्यातला प्राणवायू झपाट्याने संपतो, आणि मग तिचं काम मंदावतं. तळाच्या चिखलात प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव कारभार हाती घेतात आणि मिथेन तयार होतो. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन पुरतं फोडणं हे तर मुख्यतः पांढरी कुज करणाऱ्या बुरशींचंच काम, आणि त्यांना हवा हवीच. म्हणून पाणी ओसरलं की जमिनीवरच्या बुरशींची पाळी सुरू होते. ओल्या पालापाचोळ्यावर आणि पडलेल्या खोडांवर त्या जोमाने पसरतात, आणि काही आठवड्यांत अळंबी वर येतात.

तिसरी बाजू मुळांची. इगापोची माती निकस असते, बऱ्याच ठिकाणी तर नुसती वाळू. तिथे फॉस्फरस मिळवणं झाडाला एकट्याने जमत नाही. बुरशीचे तंतू मुळांना जोडले जातात, मुळं पोचू शकत नाहीत अशा फटींतून क्षार आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. जर्मनीत जन्मलेले बुरशीतज्ज्ञ रोल्फ सिंगर मनौसच्या राष्ट्रीय अमेझॉन संशोधन संस्थेत काम करत होते. त्यांनी आणि इझोनेत आराउजो यांनी १९७९ साली लिहिलं, की कोरड्या उंचवट्यावरच्या जंगलात पाला कुजवणाऱ्या बुरशीचं वर्चस्व आहे, तर पांढऱ्या वाळूवरच्या जंगलात मुळांना बिलगलेल्या बुरशीचं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो: माती जितकी गरीब, तितकी ही भागीदारी घट्ट. पुरात ही बुरशी मुळांच्या आत आणि बीजाणूंच्या रूपात तग धरते.

म्हणजे पाण्याने यायलाही हवं आणि जायलाही हवं. ते आलं आणि गेलंच नाही तर काय होतं, ते बाल्बिना धरणाने दाखवून दिलं. अमेझॉनच्याच खोऱ्यातल्या उआतुमा नदीवरचं हे धरण १९८० च्या दशकात उभं राहिलं आणि दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक जंगल कायमचं पाण्यात गेलं. झाडं मेली, पण हजारो खोडं दशकानुदशकं उभीच राहिली. पाण्यावरचा भाग कुजून झडतो. खाली प्राणवायू नसल्याने कुजवणारी बुरशी तिथे पोचत नाही, आणि लाकूड तसंच राहतं.

उलट धोकाही तितकाच खरा आहे. मनौसला २०२१ साली पाणी ३०.०२ मीटर या विक्रमी उंचीवर गेलं, आणि २०२३ व २०२४ ला ते लागोपाठ विक्रमी नीचांकावर आलं. अशा दुष्काळात इगापोतला मुळं, पाला आणि तंतू यांचा जाड थर वाळतो आणि त्यात आग धुमसत राहते. वर ज्वाळा फारशा दिसत नाहीत, पण खाली मुळं जळतात आणि झाडं उभ्याउभी मरतात. मुळांसोबत त्यांना बिलगलेली बुरशीही जाते. उरलेली निकस वाळू पुढच्या पुरात धुतली जाते. रिओ निग्रोकाठी अशी जळालेली काही इगापो जंगलं कित्येक दशकांनंतरही पुन्हा उभी राहिलेली नाहीत. तिथे आता गवत आणि विरळ झुडपं आहेत.