घर दोघांचं, हप्ता कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

रत्नागिरीत एका बँकेच्या कर्जविभागात माझी बरीच वर्षं गेली. भर पावसात एका दुपारी एक शिक्षिका माझ्या टेबलापाशी आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढून त्यांनी समोर ठेवलं. "साहेब, आमचं कोर्टात ठरलंय. फ्लॅट त्यांचा, हप्तेही तेच भरणार. मग नोटीस मला कशी आली?"

मी कागद पाहिला. तडजोडीत तसं लिहिलेलं होतं खरं. पण ती तडजोड नवरा-बायकोतली. बँकेची तिच्यावर सही नव्हती. कर्ज घेताना दोघांनी सह्या केल्या की सगळ्या कर्जाला दोघंही बांधील होतात. अर्धं याचं, अर्धं तिचं असा हिशोब बँक मांडत नाही. नवऱ्याने तीन हप्ते चुकवले आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीतली पत सांगणारा आकडा, दोघांचाही घसरला. महिन्यापूर्वी बाईंना स्कूटीसाठी कर्ज नाकारलं होतं, त्याचं कारण त्यांना त्या दिवशी माझ्यासमोर कळलं.

म्हणून कळकळीने सांगतो, वेगळं व्हायचं ठरलं तर घटस्फोटाच्या कागदावर सही करण्याआधी बँकेत या. शिल्लक कर्जाचा आकडा लेखी घ्या. तो ऐकून भलेभले गप्प होतात. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी २५ लाख काढले, तर हप्ता २१,७०० रुपयांच्या आसपास बसतो. पाच वर्षांत तेरा लाख भरून होतात आणि मुद्दल फिटतं जेमतेम तीन लाख. बावीस लाख अजून उभेच. वाटणी घराची करायला बसतात आणि वाटायला कर्जच जास्त असतं.

एकाने घर ठेवायचं असेल, तर बँक त्याचं एकट्याचं उत्पन्न बघते. ते पुरलं नाही तर वडील किंवा भाऊ सहकर्जदार म्हणून लागतो. मगच दुसऱ्याचं नाव कर्जातून निघतं. मालकीतला हिस्सा मात्र बँकेची परवानगी घेऊन दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवूनच सोडावा लागतो. इथे वेळ महत्त्वाची. राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत मिळते. घटस्फोट झाला की ते नातं उरत नाही आणि सवलतही जाते.

आता हिस्सा किती? बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोव्यात, लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर, संपत्तीत साधारणपणे दोघांचा निम्मा वाटा असतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, दोघांनी मिळून घर घेतलं असेल तर ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा. पुरावा नसेल तर दोघांचा सारखा धरतात.

आणि इथेच बायकांचं नुकसान होताना मी पाहिलंय. या बाईंचंच घ्या. हप्ता नवऱ्याच्या पगारातून जायचा. किराणा, मुलीची फी, घरपट्टी, सासूबाईंची औषधं, सगळं यांच्या पगारातून. ती घर सांभाळत होती, म्हणून तर तो हप्ता भरू शकला, असं कुठलंच पासबुक सांगत नाही. आयाबहिणींनो, हप्त्यातला थोडा तरी वाटा तुमच्या खात्यातून जाऊ द्या. फीच्या पावत्या टाकू नका. आणि भांडण कितीही पेटलं तरी, वाटणी होईपर्यंत हप्ता थांबवू नका. दंड दोघांच्याही डोक्यावर चढतो.

शेवटी त्या दोघांनी फ्लॅट विकायचं ठरवलं. बदलत्या व्याजदराचं कर्ज, त्यामुळे मुदतीआधी फेडण्याचा दंड लागला नाही. खरेदीदाराच्या पैशांतून आधी बँकेचं कर्ज फिटलं, उरलेली रक्कम दोन खात्यांत निम्मी-निम्मी गेली. बाईंनी मारुती मंदिराजवळ भाड्याने जागा घेतली.

आठवड्याने त्या कर्ज फिटल्याचं पत्र न्यायला आल्या. त्यांनी दोन प्रती मागितल्या. एक स्वतःसाठी, एक त्याला पोचवायला.