पोच घेतली का? महाराष्ट्राच्या रोजगार हमीची गोष्ट

(दृश्य: ऑफिसातला संगणक, पडद्यावर पगाराची स्लिप. कॅमेरा कपातींच्या रकान्यावर थांबतो.)

पगाराच्या स्लिपवर पीएफच्या खाली एक बारकीशी कपात असते. पीटी, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५०० होतात. मुंबई-पुण्यात नोकरी करणारा माणूस तिकडे फारसं बघत नाही. इन्कम टॅक्सपुढे ती किरकोळच.

पण हा व्यवसाय कर १९७५ साली महाराष्ट्रात आला, तो खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम देण्यासाठी. करातून जेवढी रक्कम जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. शहरातल्या कारकुनाच्या पगारातून गावाकडच्या मजुराची मजुरी. देशात दुसऱ्या कुठल्याही राज्याने तोवर हे केलं नव्हतं.

(दृश्य: सांगली जिल्ह्यातला तासगाव तालुका. द्राक्षबागा, बेदाण्याची शेडं.)

आज तासगाव म्हटलं की द्राक्षं आणि बेदाणा. साठच्या दशकात हा सगळा कोरडवाहू मुलूख होता. सुगी संपली की शेतमजुराने पुढचा पाऊस येईपर्यंत काय करायचं, याला उत्तर नव्हतं. इथल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये त्यांनी आपल्याच भागात एक प्रयोग करून पाहिला. अंगमेहनतीची तयारी असलेल्या माणसाने काम मागितलं तर ते त्याला द्यायचं, आणि त्या कामातून गावात काहीतरी टिकाऊ उभं राहिलं पाहिजे.

आज हे ऐकायला साधं वाटतं. तेव्हाची रीत मात्र वेगळी होती. सरकारी कामं निघायची ती दुष्काळ पडला की, आणि दुष्काळ पडला की नाही हे ठरवायचं सरकारने. आणेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, लागायची, कागद वर जायचा, तिथून मंजुरी यायची, मग कुठे खडीचा ढीग पडायचा. तोवर अर्धं गाव उठून गेलेलं असायचं. पाग्यांनी हा क्रम उलटा केला. दुष्काळ जाहीर व्हायची वाट बघायची नाही. काम नाही एवढं कारण पुरे.

(दृश्य: १९७२ च्या दुष्काळाची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

१ मे १९७२ पासून ही रोजगार हमी योजना, म्हणजे रोहयो, राज्यभर लागू झाली. आणि नेमका तेव्हाच तो दुष्काळ अंगावर आला.

बहात्तरचा दुष्काळ. मराठवाड्यात किंवा नगर-सोलापूरकडे सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो, त्याच्या घशाखाली न उतरणाऱ्या भाकरी, कामावर वाटली जाणारी सुकडी, आणि दिवसभर फोडलेली खडी. सगळं अजून काल घडल्यासारखं सांगतात. नवी योजना बाजूला ठेवून सरकारने दुष्काळी कामं काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. तुमच्या गावाबाहेर एखादा जुना पाझर तलाव असेल, तर त्याची माती कुणी वाहिली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा.

दुष्काळ सरला. एवढ्या माणसांना काम देता येतं, हे प्रशासनालाही कळून चुकलं होतं. पुढे १९७७ चा रोजगार हमी अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम. नाही दिलं तर बेकारी भत्ता, दिवसाला किमान १ रुपया. रक्कम हास्यास्पद होती, पण सरकार मजुराचं देणं लागतं ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात आली.

आता एक प्रश्न पडायला हवा. शेतमजुरांच्या हातात राज्याच्या सत्तेची कुठली दोरी होती, की त्यांच्यासाठी एवढा कायदा व्हावा?

(दृश्य: पाझर तलाव, भिंतीच्या खालच्या अंगाला विहिरी आणि हिरवी शेतं.)

उत्तर या चित्रात आहे. पाझर तलावाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या बाजूच्या विहिरींना उतरतं. विहीर कुणाची? ज्याची जमीन त्याची. तलाव खणणाऱ्या बाईच्या नावावर बहुतेक वेळा गुंठाभरही जमीन नसते. तिला त्या उन्हाळ्याची मजुरी मिळाली, बागायतदाराला पुढच्या अनेक उन्हाळ्यांचं पाणी. शहरवाल्यांनाही ही योजना परवडत होती, कारण खेड्यात काम मिळालं तर मुंबईच्या फुटपाथवर येणारे लोंढे थोडे कमी. तिघांचा स्वार्थ एकाच ठिकाणी जुळला म्हणून हा कायदा झाला, असं आमचं मत आहे. त्यात वाईट काही नाही. निव्वळ दयेपोटी केलेल्या योजना फार दिवस टिकत नाहीत.

(दृश्य: सकाळी सातची वेळ. रोहयोचं काम. टिकाव, फावडं, घमेली.)

काम कसं चालतं ते जवळून पाहू. चुन्याने चौकडी आखून दिलेली असते. जोडीतला एक जण खणतो, दुसरी व्यक्ती घमेलं उचलते. उचलणारी बहुतेक वेळा बाईच. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब मुद्दाम न खणता ठेवलेला दिसेल. मूळ जमीन किती उंच होती ते त्यावरून कळतं. मोजमाप घ्यायला तांत्रिक सहाय्यक येतो तेव्हा तो खांब शाबूत असावा लागतो, नाहीतर खोली किती धरायची यावरून वाद. कारण इथे नुसतं दिवसभर उभं राहून पूर्ण मजुरी मिळत नाही. किती घनमीटर माती निघाली त्यावर हिशेब. माती मऊ की मुरूम कठीण, यानेही दर बदलतो. मजूर मुरमाला कठीण म्हणतो, साहेब मऊ म्हणतो. रोहयोवरची निम्मी भांडणं इथेच होतात.

कायद्याप्रमाणे कामावर प्यायचं पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी आणि लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला बाई हवी. पाणी असतं. बाकीचं विचारू नका.

आणि हल्ली मोबाइल हवा. २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो अॅपवर चढवावे लागतात, तेव्हा हजेरी लागते. मेळघाटातल्या किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज नसते हे वेगळं सांगायला नको. खोट्या हजेऱ्या रोखायला हा उपाय आला, आणि खोट्या हजेऱ्या होत्याच. ‘रोजगार हमी, अर्धं तुम्ही अर्धं आम्ही’ ही म्हण महाराष्ट्राच्या खेड्यांनी उगाच नाही पाडली. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मेलेली माणसं काम करत होती, एकच बंधारा कागदावर दोन-दोनदा बांधला जात होता. तो इतिहास कुणी लपवू नये. फक्त एवढंच, की चोरी मस्टर भरणाऱ्यांची आणि रेंज शोधत टेकडीवर चढायची वेळ मात्र मजुरांवर.

(दृश्य: नव्वदच्या दशकातली फळबाग. कोकणात हापूस, सोलापूरकडे डाळिंब.)

१९९० च्या सुमारास योजनेला फळबाग जोडली गेली. शेतकऱ्याच्या बांधावर आंबा, काजू, डाळिंब, बोर, सीताफळ. खड्डे खणायची आणि लागवडीची मजुरी रोहयोतून. महाराष्ट्र फळांमध्ये पुढे आला, त्यात या एका निर्णयाचा वाटा मोठा. अर्थात यातही बाग जमीनवाल्याचीच.

(दृश्य: संसद भवन, २००५.)

मग दिल्लीने हा धागा उचलला. २००५ मध्ये राष्ट्रीय कायदा झाला, फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत सुरुवात, एप्रिल २००८ पासून देशभर. २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं आणि मनरेगा हा शब्द रूढ झाला. या कायद्यात केंद्राची हमी १०० दिवसांची. त्यापुढे वर्षभर काम द्यायची जबाबदारी महाराष्ट्राच्या जुन्या कायद्याने राज्यावर.

(दृश्य: ग्रामपंचायतीचं टेबल. दोन फॉर्म शेजारी शेजारी.)

सगळी योजना ज्यावर उभी आहे ते दोन कागद हे. डावीकडे नमुना ४. त्यावर मजूर लिहून देतो की मला अमुक तारखेपासून इतके दिवस काम हवं. उजवीकडे नमुना ५, म्हणजे पोच. तारीख घातलेली, सही केलेली. या तारखेपासून १५ दिवस मोजायचे. तेवढ्यात काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता सुरू: पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव हिश्शाइतका, नंतर निम्मा. महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर ३१२ रुपये, म्हणजे भत्ता ७८ रुपये आणि मग १५६. तो केंद्र देत नाही, राज्याने द्यायचा.

आता समजा, तुम्ही पंचायतीत गेलात आणि रोजगार सेवक, म्हणजे गावात या योजनेचं काम बघणारा माणूस, म्हणाला, “ठेवून जा अर्ज, काम निघालं की कळवतो.” तुम्ही अर्ज ठेवलात, पोच घेतली नाही. संपलं. तुम्ही कधी मागितलं याला पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून भत्ता नाही, आणि भत्ता द्यावा लागत नाही म्हणून काम काढायची घाई कुणालाच नाही. वरच्या अहवालात मागणी आणि पुरवठा अगदी जुळलेले दिसतात, कारण काम निघतं तेव्हाच मागणी नोंदवली जाते. मजुरांच्या संघटना इतकी वर्षं सभांमधून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आल्या: पोच घेतली का?

(दृश्य: बीड जिल्हा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार लादलेला.)

पण पोचेचं सगळं सुरळीत झालं, तरी बीडचा ऊसतोड कामगार या कामावर येईल का?

दसरा-दिवाळीनंतर शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, पलीकडे पाथर्डी, इथली गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊसतोडीचे हाल कुणाला माहीत नाहीत? पहाटे फडात, रात्री मोळ्या ट्रकमध्ये भरणं, पाचटाच्या खोपीत पोरं. तरी माणसं जातात, कारण मुकादम, म्हणजे तोडणीच्या टोळ्या जमवणारा, उचल देतो. पन्नास हजारांपासून लाखाच्या वर, एकरकमी, कामाआधी. पोरीचं लग्न, दवाखाना, सावकाराचं देणं त्यातून निघतं. रोहयो काय देते? आधी आठवड्याचं मस्टर भरायचं, मग मोजमाप, मग ऑनलाइन नोंदी, मग पैसे खात्यावर. कायदा म्हणतो १५ दिवसांत. उशीर झाला तर थकलेल्या रकमेवर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. ३१२ रुपयांच्या सहा हजेऱ्यांवर हिशेब करा: दिवसाला ९४ पैसे.

मेळघाटात रोहयोवर मजूर मोठ्या संख्येने असतात. तिथल्या कोरकू आदिवासींचा मोठा सण होळी, आणि नेमकी त्याआधी मजुरी थकली की धारणी-चिखलदऱ्यात मोर्चे निघतात. आळशी माणसं म्हणून जे नावं ठेवतात, त्यांनी एकदा स्वतःचा पगार दोन महिने थांबवून बघावा.

(दृश्य: शहर. सरकारी कार्यालयाबाहेर तरुणांची रांग.)

शिकलेल्या बेकारांसाठीही मध्यंतरी एक योजना आली. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना: बारावीला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीधरांना १० हजार. मुदत आधी सहा महिने, नंतर ११. कामाचा अनुभव मिळावा हा हेतू बरा होता. पण मुदत संपल्यावर पुढे काय, याला योजनेत उत्तर नव्हतं, आणि ती मुलं आंदोलनाला बसली. इथे मागणीचा हक्क नाही. सरकारने जागा काढल्या तर आहेत.

(दृश्य: पुन्हा ग्रामपंचायत. भिंतीवर योजनांचे रंगवलेले फलक.)

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. विकसित भारतपासून सुरू होणारं त्याचं नाव फार लांबलचक आहे. १०० ऐवजी १२५ दिवस, ही त्यातली मथळ्यात आलेली गोष्ट. त्याखालची दोन कलमं जास्त महत्त्वाची. आजवर अंगमेहनतीची मजुरी पूर्णपणे केंद्र देत होतं. आता महाराष्ट्रासारख्या राज्याने ४० टक्के द्यायचे. आणि केंद्र दरवर्षी राज्याचा हिस्सा आधीच ठरवणार, खर्च त्यावर गेला तर तो राज्याच्या माथी. थोडक्यात, मजूर किती काम मागतो यापेक्षा तिजोरीत किती ठेवलंय याला वजन येणार. पाग्यांनी उलटा केलेला क्रम पुन्हा जागेवर.

तिसरं कलम शेतीच्या ऐन हंगामाचं. वर्षातून मिळून ६० दिवस कामं बंद ठेवायची, कोणते ते राज्याने आधी जाहीर करायचं. मजूर मिळत नाहीत ही जमीनवाल्यांची तक्रार जुनीच, आणि अगदीच खोटी नाही. पण महाराष्ट्रात हंगाम एक नाही. जव्हार-मोखाड्यात भाताची लावणी आषाढात. यवतमाळला कापूस वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि लांबत जाते. बीडमध्ये तर मुकादम पावसाळ्यातच उचल घेऊन दारात येतो, आणि त्या दिवसांत गावात रोहयोचं मस्टर निघालेलं नसेल, तर कोयता ठरून जातो.