ऑर्डनन्सची 32, ईशापूरची 315 : फॅक्टरी मेड हत्याराची खरी किंमत

(टेबलावर जुन्या धोतराचं फडकं, त्यावर रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग)

हे जे फडक्यावर पसरलंय ना, हे अख्खं एक रिव्हॉल्व्हर आहे. कानपूर मेक, 32 बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), सहा गोळ्यांचं. संभाजीनगरच्या जुन्या शहरातलं हे दुकान, पुढं काउंटर, मागं एवढीशी खोली, आणि त्या खोलीत चाचा बसलेले असतेत, वडिलांच्या जागेवर. बीडहून, जालन्याहून, पार तिकडं उमरग्याहून लोक यांच्याकडं हत्यार दुरुस्तीला आणतेत आणि चाचांचा पहिला प्रश्न ठरलेला, ऑर्डनन्स, म्हणजे सरकारी कारखान्याचं, की इंपोर्टेड? इंपोर्टेड म्हणणाऱ्याचा आवाज जरा चढलेला असतो. ऑर्डनन्सवाला हळूच सांगतो, आपलं साधंच आहे चाचा, सरकारी. आजचा व्हिडिओ त्या साधंच आहे म्हणणाऱ्यांसाठी.

(क्लोजअप : अंगठ्यानं खिट्टी दाबली, नळी मोडली)

आता हे बघा, स्लो करून दाखवतो. मागची खिट्टी अंगठ्यानं दाबली की नळी बिजागरीवर पुढं मोडते आणि ती मोडतानाच मधला चांदणीच्या आकाराचा भाग वर उचलला जातो, सहाच्या सहा पुंगळ्या एकदम बाहेर. काढत बसायचं कामच नाही. हे डोकं कानपूरवाल्यांचं नाही बरं का, वेब्ली अँड स्कॉट नावाची इंग्लंडची कंपनी, तिच्या रिव्हॉल्व्हरचा हा साचा, गोरे साहेब कमरेला लावून फिरायचे ते. म्हणजे गंमत बघा, ज्याच्याकडं आज्याची जुनी वेब्ली आहे तो लग्नात कोट बाजूला सारून सारून दाखवतो आणि ज्याच्याकडं कानपूरची आहे तो झाकतो, आणि दोन्ही मोडून बघितल्या तर मूळ मांडणी एकाच घराण्यातली.

तरी जुन्या इंपोर्टेडचा भाव कानपूरच्या कितीतरी वर. मग किमतीत एवढा फरक का? त्याचं उत्तर मालाच्या दर्जात कमी आणि कायद्यात जास्त आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून साध्या परवानाधारकासाठी परदेशी हत्यार आयात करणं बंद झालं. नेमबाजीच्या खेळाडूंना वेगळी सोय आहे, बाकीच्यांना नाही. त्यामुळं त्याआधी जेवढी आली तेवढीच फिरायलीत, आज्याकडून नातवाकडं, नाहीतर एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर, आणि प्रत्येक वेळी आकडा वर. नव्या हायवेलगतच्या प्लॉटचे भाव जसे वाढतेत तसंच हे, प्लॉटवर काही उगवत नाही पण भाव वाढतोच. आता तर त्याच वेब्ली नावाची कंपनी उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात रिव्हॉल्व्हर बनवायली, तरी आमच्याकडं जुन्या इंग्लंड मेकचं कौतुक काही कमी होत नाही.

(चाचा नळी उजेडाकडं धरून आत बघतात)

चाचा नळीतून बघायलेत ते गंज आहे का ते. हे रिव्हॉल्व्हर एका शेतकऱ्याचं आहे, परळीकडचं, आणि नळी आतून बघा, आरशासारखी नसली तरी स्वच्छ आहे. बाहेरून मात्र काळं पॉलिश उडालंय, घोड्याच्या बाजूला आणि नळीच्या टोकाला पांढरं पडलंय. ऑर्डनन्सच्या मालाची ही खरी तक्रार आहे आणि ती लपवायचं कारण नाही, फिनिशिंग. कडा घासलेल्या नसतेत, ट्रिगर जड, एक नग मऊ चालतो तर दुसरा इतका टाईट की वयस्कर माणसाचं बोट भरून येतं. पण पॉलिश उडण्यात निम्मा दोष मालकाचा आहे असं चाचा म्हणतेत आणि मला पटतं. लोक रिव्हॉल्व्हर चामड्याच्या कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवून देतेत, वर्षवर्ष बघत नाहीत. चामडं ओल धरतं, त्यात कमरेचा घाम मुरलेला असतो, मग गंज चढणार नाही तर काय? कव्हर फक्त बाहेर नेताना, घरी आल्यावर कोरड्या सुती कपड्यानं पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून वेगळं ठेवायचं, गोळ्या वेगळ्या कुलपात. एवढं केलं तर हे हत्यार पोरालाच काय नातवालाही पुरतं.

(काउंटरवर नव्या मॉडेलचे फोटो, कॅटलॉग)

कारखान्यानं काही केलंच नाही असंही नाही. 2014 मध्ये कानपूरनं निर्भीक काढलं, टायटॅनियम अलॉयचं, वजन साधारण 500 ग्रॅम, बायकांच्या पर्समध्ये मावेल अशी जाहिरात, आणि किंमत 1 लाख 22 हजारांच्या वर. आता सांगा, आमच्या सोयाबीनच्या भावात कोणती बाई एवढ्याचं रिव्हॉल्व्हर पर्समध्ये ठेवणार, पण असो. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये जुनं ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, हत्यारं बनवणारी अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट, तिचं मुख्यालय कानपूरलाच. लोकांच्या तोंडी अजून ऑर्डनन्सच आहे, नव्या कंपनीचं नाव कुणी घेत नाही. त्याच कंपनीनं 2023 च्या ऑगस्टमध्ये प्रबल आणलं आणि ते बघायला मात्र चाचांच्या दुकानात गर्दी होती. यात नळी मोडत नाही, गोळ्या बसतेत ते चक्कर बाजूला निघतं, वजन 700 ग्रॅम, आणि 50 मीटरपर्यंत मारा असा कंपनीचा दावा.

(मका, बांध, मचाण, संध्याकाळ)

आता शहरातून बाहेर येऊ. बालाघाटच्या डोंगररांगेतलं हे शिवार. खाली मका, वर भुईमूग, पलीकडं ऊस, आणि उसात डुकरं. हे आबा रोज जागलीला येतेत, मचाणावर घोंगडी, बॅटरी आणि कपड्यात गुंडाळलेली ही बारा बोअरची डबल बॅरल. कळप मक्यात शिरला की रात्रीत किती आडवं करतो ते तुम्ही समोरच बघायलात, त्यावर मी काय बोलू.

(आबा बंदूक मोडून रिकामी दाखवतात)

आबांची सवय बघा, हातात घेतली की आधी मोडली, दोन्ही नळ्या रिकाम्या दाखवल्या, मगच आमच्या हातात दिली. कुठल्या ट्रेनिंगमधून नाही, वडिलांनी कान पिरगाळून शिकवलेलं. आता परवान्याच्या अर्जाबरोबर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणं ट्रेनिंगचा कागदही लागतो.

गावात बऱ्याच जणांना वाटतं की शेताला 315 रायफल पाहिजे, रेंज मोठी, नाव मोठं. ही रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. हिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इंग्रजांच्या फौजेची रायफल होती 303, आणि फौजेच्या गोळ्या लोकांच्या हातात पडू नयेत म्हणून तो बोअर सामान्य माणसाला बंद केला. मग नागरिकांसाठी वेगळा बोअर चालवला तो हा 315, आठ मिलिमीटर. इंग्रज गेले, 303 चा जमाना गेला, तरी 315 राहिलीच. बोल्ट मागं ओढा, पुढं ढकला, जुन्या ली एनफिल्डचीच यंत्रणा, मॅगझिनमध्ये पाच गोळ्या. दणकट इतकी की चाचांकडं दुरुस्तीला येते ती बहुतेक लाकडी दस्ता तडकला म्हणून, आतलं काही मोडलं म्हणून क्वचितच. पैसा वसूल म्हणायचा तर याच रायफलीला म्हणावा. पण शेतात जागलीला ती नको असं आबांचं म्हणणं आणि ते बरोबर आहे. 315 ची गोळी चुकली तर थेट पुढच्या शिवारात, तिकडं कोण पाणी धरायलाय ते अंधारात कुणाला दिसतंय? छर्रा लांब जात नाही, हाच बारा बोअरचा गुण.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना असा सरळ उल्लेख आहे. पण कोणत्या बंदुकीचा? ठासणीच्या. दारू भरा, गज मारून ठासा, मग बार. त्यानं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच पुढची. म्हणजे कागदावर शेतकरी अजून ठासणीवरच आहे, आणि ज्याच्या रानात डुक्कर सोडा मांजरही येत नाही तो स्वसंरक्षणाच्या नावावर 32 लावून हॉटेलात चहा प्यायलाय. मी कुणाचं नाव घेत नाही. आणि हो, परवाना आहे म्हणून रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर मारता येत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, वनखात्याची परवानगी लागते, राज्यानं 2015 मध्ये त्याची पद्धत ठरवून दिली. आबा हवेतच बार काढतेत, कळप पांगतो, बस.

(तळहातावर काडतूस, बुडाचा क्लोजअप)

हे लाल प्लास्टिकचं, खाली पितळी टोपीचं काडतूस. बुडावर बघा, के एफ. खडकी फॅक्टरी, आपल्या पुण्याची. शक्तिमान नावानं येतं. 32 ची गोळी पण तिथलीच, 315 ची पण. हत्यार कानपूर नाहीतर बंगाल, पण दाणापाणी महाराष्ट्राचं. गोळ्या किती घ्यायच्या ते परवान्यावर लिहिलेलं असतं, त्यामुळं सरावाला कुणी उडवत नाही, जपून जपून जुन्या होतेत आणि ऐन वेळी बार फुसका निघतो, आणि बदनाम होते बंदूक. मिसफायरच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना चाचा आधी काडतूस किती वर्षांचं आहे ते विचारतेत.

(दसरा : पाटावर बंदूक, झेंडूची फुलं, आपट्याची पानं)

(ठाण्याबाहेर रांग, हातात लांब पिशव्या)

ही रांग निवडणुकीची. आचारसंहिता लागली की ज्यांना सांगतील त्यांचं हत्यार ठाण्यात जमा, निकालानंतर परत. पिशव्यांवर चिठ्ठ्या बघा, नाव, गाव, नंबर. जमा करणाऱ्यात आबांसारखेच जास्त दिसतेत, आणि परत घेताना गंज चढलेला असतो तो कुणी भरून देत नाही. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं झाली, आनंदात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनानंतर बीडच्या परवान्यांचा आकडा हजारावर असल्याचं बाहेर आलं आणि शंभरावर रद्दही झाले.

(पुन्हा काउंटर, एक तरुण नवं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन)

आता हा दादा नवीन घ्यायला आलाय, परवाना ताजा आहे. 2025 च्या सप्टेंबरपासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर जीएसटी 28 चा 40 टक्के झालाय, त्यामुळं स्वस्त हा शब्द आता जपूनच वापरावा लागतो. तरी जुन्या इंपोर्टेडच्या पुढं ऑर्डनन्स अजून खूप खाली आहे. चाचांनी त्याला डबीतलं पहिलं पीस दिलं नाही, तीन काढून ठेवले. प्रत्येक मोड, खिट्टी बसताना आवाज एकच यायला पाहिजे. चक्कर हातानं फिरव, सहाही घरात सारखं अडकायला पाहिजे. घोडा चढवून चक्कर हलवून बघ, खेळ नको. नळी उजेडाला धर. नंबर परवान्याशी आणि बिलाशी जुळवून घे. फिनिशिंगकडं नंतर बघ. दादानं तिसरं पीस घेतलं, पहिल्या दोघांपेक्षा कमी चकचकीत होतं ते.