वाघ दिसलाच पाहिजे असं काही नाही

मगाशी एका बाईंनी विचारलं की मुलांना जंगलात नेलं आणि काहीच दिसलं नाही तर काय करायचं, पोरं हिरमुसतात. माझं म्हणणं, प्राणी बघायला नेऊच नका. दिसला तर उत्तमच, पण एवढा मोठा घोळका बडबड करत चालला असेल तर कुठला शहाणा प्राणी थांबणारे? त्यापेक्षा माग काढायला न्या. कोण येऊन गेलं, काय खाल्लं, याचा छडा लावायला पोरांना जाम आवडतं.

ओल्या मातीत ठसा मिळाला की लगेच नाव सांगून मोकळं होऊ नका. आधी विचारा, नखं उमटलीत का? मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात म्हणून ठशात सहसा दिसत नाहीत, कुत्रा-कोल्हा-लांडग्याची दिसतात. विष्ठेचं तसंच, हसा खुशाल, पण लांबून काडीने उकलून बघितली तर केस, हाडांचे तुकडे, बिया सगळं सापडतं. हात मात्र लावायचा नाही. उदमांजराच्या विष्ठेत अख्ख्या बिया दिसल्या की जंगलात झाडं कोण लावतं हा धडा वेगळा घ्यावा लागत नाही.

पण माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे वठलेलं झाड. तिथे अर्धा तास सहज जातो, कारण साल जरा सुटलेली असली की खाली वाळवी, अळ्या, बुरशी, त्या अळ्यांसाठी सुतारपक्षी येतो, तो घरट्यासाठी ढोली कोरतो, पिल्लं उडाली की ती रिकामी ढोली पिंगळ्याला मिळते, आणि पिंगळ्याला स्वतःला लाकूड कोरता येत नाही बरं का. एवढं झालं की कोणीतरी पोरगं आपणहून विचारतंच, मग हे झाड सरपणाला नेलं तर पिंगळा कुठे जाणार? संवर्धनाचा तास तिथे सुरू होतो, आणि तो मुलांनी सुरू केलेला असतो. आपण जंगल संपत चाललंय म्हणून घाबरवत बसलो तर लहान मुलं नुसती गप्प होतात, असं मला तरी वाटतं.

नावं पाठ करून घेण्याचा सोस सोडा. सुतळीने मीटरभर लांब-रुंद चौकोन आखा, चार-पाच जणांना एक, एखादं भिंग द्या आणि त्यात काय काय चालतं ते लिहू दे, चित्र काढू दे. सहा पाय म्हणजे कीटक, आठ असले तर कोळी किंवा त्याचे भाऊबंद, एवढं सुरुवातीला पुरे. जमलं तर तोच चौकोन पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात परत बघा. आणि दगड उलटलात तर तो हळूच, होता तसाच परत ठेवायला लावा, खालच्या जिवांना ओल लागते, उघडे पडले की ते सुकून मरतात.